फटकार मौसीचं तोंड

माझं तोंड फटकळ आहे हे अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्याला माहीत आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. विमा कार्यालयात सगळी नोकरी काउंटरवर काढली. रांग मोडून पुढे आलेल्याला मी कधी सोडलं नाही, मग तो मंदिरातला मोठा पंडा असो की साहेबांचा मेहुणा. हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ, चष्मा कायम कपाळावर चढवलेला, आणि समोरचा थापा मारायला लागला की डावी भुवई आपोआप वर. ती भुवई बघून घरातलं मांजरसुद्धा दुधापासून लांब सरकतं, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे मधुकरराव. जन्मभर बँकेत होते, त्यामुळे त्यांना हळू बोलायची सवय आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा रुचिर. त्याला लहानपणापासून चित्रांचा नाद. कॉलेज संपलं, नोकरी मिळेना, तेव्हा दुपारचा आमच्याकडे येऊन बसायचा आणि मी टीव्हीशी काय बोलते ते ऐकायचा. मी मालिका बघते ती मुळात भांडायलाच. एखादी सून जिन्यात उभी राहून आठवडाभर रडत असली की माझ्याने राहवत नाही. "अगं बये, तोंड धू, पोहे खा आणि कामाला लाग," मी म्हणायची. सासूने दुधात काहीतरी कालवलं की मी पडद्यासमोर हात नाचवून तिची मस्ती उतरवायची. रुचिर कोपऱ्यात बसून हसायचा आणि कागदावर काहीतरी खरडायचा.

त्यातून त्याने कॉमिक्स काढली. हिंदीत. 'फटकार मौसी'. ही मौसी थेट टीव्हीच्या पडद्यात घुसायची. रडणारी सून, कपाळावर नागमोडी टिकली लावलेली सासू, दोनदा मरून तिसऱ्यांदा परत आलेला नवरा, सगळ्यांना एका ओळीत उभं करून झापायची. आणि तोंड माझं. तीळ, भुवई, कपाळावरचा चष्मा, सगळं जसंच्या तसं.

"मला विचारलंस का?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू फटकारलं असतंस ना, मावशी," तो म्हणाला. मला हसूच आलं.

ती चित्रं मोबाईलवर फिरायला लागली. एका मालिकावाल्यांनी त्याला वकिलाची नोटीस धाडली, की आमच्या पात्रांची टवाळी बंद करा. रुचिर डरला नाही. विडंबन करायचा माझा हक्क आहे, असं उत्तर दिलं. लोकही त्याच्याच बाजूने उभे राहिले. मग मुंबईच्या एका कंपनीने मौसीच विकत घेतली, आणि तिची कार्टून मालिका काढली. ज्या पडद्याची खिल्ली उडवायची त्याच पडद्यावर मौसी जाऊन बसली. रुचिर मुंबईला गेला. त्याच्या आईचा जीव भांड्यात पडला.

या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी समाजाला सत्कार करायला निमित्त हवंच असतं. रुचिर मुंबईला, म्हणून त्यांनी मला धरलं. गणपतीच्या कार्यक्रमात मला व्यासपीठावर बसवलं, शेजारी पुठ्ठ्याची माणसाएवढी मौसी उभी केली. अध्यक्ष भय्यासाहेबांनी दोघींनाही शाल घातली. पुठ्ठ्याच्या मौसीची शाल सारखी घसरत होती. "मौसी मौसी म्हणून जिला सगळा हिंदुस्थान ओळखतो, ती आपली सुलू आहे!" भय्यासाहेब माईकमध्ये ओरडले. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा दोघींचा फोटो. त्यानंतर टावर चौकात भाजी घ्यायला गेले तरी पोरं सेल्फीला यायची, देवास गेटला बसचा कंडक्टर म्हणायचा, "मौसी, एक फटकार हो जाए!" मी भुवई वर करायची आणि तो खूष. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. रांगेतल्या लोकांवर खेकसण्यात जन्म गेला, आता त्याच खेकसण्यावर लोक प्रेम करत होते.

रविवारी सकाळी हे मौसीची जुनी चित्रं मोबाईलवर काढून चहासोबत मला वाचून दाखवायचे. एवढा हळू बोलणारा माणूस, पण मौसीचं बोलणं वाचताना आवाज चढवायचा.

मग पुढच्या उन्हाळ्यात एकदा टावर चौकात दोन बाप्ये मला बघून हसले. सेल्फी नाही, फटकार नाही. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं आणि दोघं वळून पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. असं बघणं बाईला कुठल्याही वयात कळतं. मी बासष्टाव्या वर्षी पदर सावरला, आणि मग स्वतःचाच राग आला, की का सावरला.

घरी येते तो नंदा आलेली. नंदा आमच्या शेजारची, भिशीतली मैत्रीण, पोटात काही न राहणारी. पण त्या दिवशी तिने आधी दार लावून घेतलं.

"सुलू, तू ना, मोबाईल नको बघत जाऊस काही दिवस," ती म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"काही नाही. गंदं काहीतरी चालून राहिलंय. आमच्या अमोलच्या ग्रुपवर आलं होतं. त्याने लगेच डिलीट केलं हं."

आता मला कुणी 'नको बघू' म्हटल्यावर मी बघणार नाही, हे शक्य आहे का? नंदा गेल्यावर मीच शोधलं. शोधायला काही फार अक्कल लागली नाही. 'फटकार मौसी' लिहिलं, आणि वरची दोन चित्रं रुचिरची, तिसऱ्यापासून ती.

वर लिहिलं होतं, 'सिर्फ बालिगों के लिए. पैरोडी.' खाली मी होते. मौसी म्हणायला हवं खरं तर, पण ते तोंड माझं होतं. तीळ जागच्या जागी. भुवई वर. चष्मा कपाळावर. चित्र काढणाऱ्याचा हात चांगला होता, हे मी त्या घटकेलाही बघितलं. तोंडाखाली जे होतं ते मी लिहिणार नाही. साडी माझी नव्हती, कारण साडीच नव्हती. मालिकेतला तो दोनदा मेलेला नवरा होता, खलनायक होता, आणि मौसी त्यांना झापत होती. रुचिरचीच वाक्यं. म्हणजे माझीच. "तोंड धू, पोहे खा आणि कामाला लाग." त्या पानावर त्या वाक्याचं काय करून ठेवलं होतं ते बघून मी मोबाईल पालथा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

हे फिरून आले. माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं.

"मी पाहिलं नाहीये," हे म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस कधी खोटं बोलतो ते कळतंच. माझी भुवई वर जायला हवी होती. पण ती भुवई मी नुकतीच त्या पानांवर बघून आले होते, म्हणून मी खाली बघितलं.

रुचिरला फोन केला तर तो आधीच सगळं जाणून होता. दोन महिन्यांपासून. कंपनीचे वकील, तक्रारी, हे सगळं करून राहिला होता आणि मला कळू नये म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

"एक पान काढायला लावलं की तेच चार जागी निघतं, मावशी," तो म्हणाला. "मी रोज बसून शोधतो, रोज तक्रार टाकतो. कोण आहे तेही नाही माहीत."

"त्याला लिही ना, की ही खरी बाई आहे म्हणून!"

"लिहिलं होतं. एक पत्ता मिळाला होता त्याचा."

"मग?"

रुचिर म्हणाला, "त्याने लिहिलं, भाई, तू टीव्हीवालों की उड़ाता था, मैं तेरी उड़ा रहा हूँ. तेरी पैरोडी आर्ट, मेरी गंदगी? नोटीस भेजनेवालों को तूने क्या जवाब दिया था, वो याद कर."

"अरे पण मी टीव्हीवाली कुठंय?" मी ओरडले. "मी टीव्ही बघणारी आहे! मला कुठे पैसे मिळाले, मी कुठे सही केली?"

"तेच तर, मावशी. कागदावर तू कुठेच नाहीस."

आम्ही पोलिसांकडेही गेलो. तिथल्या बाई भल्या होत्या, पाणी दिलं, अर्ज घेतला, मला दीदी म्हणाल्या. त्यांनी खरं काय ते सांगितलं, की साइट बाहेरच्या देशातल्या, वेळ लागेल, आणि किती निघेल सांगता येत नाही. मग एक पान समोर धरून त्यांनी जपूनच विचारलं, "ये आप ही हैं न?" लिहायला तर लागणारच होतं. आता काय सांगू? नाही म्हणावं तर अर्ज कसला, आणि हो म्हणावं तर... मी हो म्हटलं. मागच्या बाकावर बसलेले दोघेजण मान उंच करून बघायला लागले. हे उठून त्यांच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले. यांची उंची बेताचीच, पण उभे राहिले.

मला काही फार मोठं नको होतं. त्या माणसाला फाशी द्या असंही मी म्हणत नव्हते. मला फक्त माझं तोंड परत हवं होतं, बाजारात घेऊन जाता येईल असं.

आमचा समाज ठराव करण्यात पटाईत आहे. पाण्याची टाकी गळली, ठराव. इंदूरवाल्यांनी संमेलनाला बोलावलं नाही, ठराव. पूर्वज दरबारी कारकून होते, ती लेखणी अजून हातातून सुटलेली नाही. तर भय्यासाहेबांनी तातडीची सभा बोलावली. त्या सभेत तासभर कुणी त्या गोष्टीचं नाव घेतलं नाही. 'तो प्रकार', 'सदर साहित्य', 'उपरोक्त बाब'. एक गृहस्थ म्हणाले, न बघता निषेध करणं तत्त्वात बसत नाही, तेव्हा चार सभासदांची पाहणी समिती नेमावी. समितीला नावं भराभर आली. नंदाने उठून त्या गृहस्थांना जे सुनावलं, ते मौसीलाही जमलं नसतं. समिती बारगळली.

मग भय्यासाहेब म्हणाले, "हे बघा, त्या छुप्या माणसाला आपण कुठे शोधत बसणार? त्याच्या दाराला कडी नाही आणि घराला पत्ता नाही. पण कंपनीला पत्ता आहे. तो नक्कल कशाची करतो? कंपनीच्या मौसीची. मूळच उपटलं की फांद्या आपोआप वाळतात. काय सुलू?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. दरबारात तक्रार मोठ्या दाराशी करायची, हे आमच्या लोकांच्या रक्तातच आहे. ठराव झाला: 'समाजाच्या प्रतिष्ठित सभासद सौ. सुलभा मधुकर यांची मुखमुद्रा सदर कंपनीने आपल्या सर्व प्रसारणांतून व प्रकाशनांतून तत्काळ व कायमची काढून टाकावी.' मुखमुद्रा हा शब्द भय्यासाहेबांचा. खाली माझी संमतीची सही. रुचिरला फोनवर वाचून दाखवला तर तो म्हणाला, "मावशी, रुक जरा. पाठवू नको. मी विचार करून बघतो."

"दोन महिने विचारच करून राहिलास ना?" मी म्हटलं. "बस झालं." आणि पाठवून दिला.

कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं. इतकं अदबशीर पत्र मला जन्मात आलं नव्हतं. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. मौसीचा चेहरा बदलण्यात येईल. जुने भाग व जुनी कॉमिक्स सर्व ठिकाणांहून काढून घेण्यात येतील. नंतर रुचिरकडून कळलं, की त्यांनाही ते हवंच होतं. त्या पानांमुळे घराघरातले आईबाप मौसी लावायला कचरत होते, आणि कंपनी नवं तोंड शोधतच होती. आमच्या ठरावाने त्यांची सोय झाली.

समाजात पेढे वाटले. भय्यासाहेब म्हणाले, आजवरच्या सगळ्या ठरावांत हा एकच असा निघाला की ज्याची तामील झाली.

टावर चौकात नव्या मौसीचं मोठं पोस्टर लागलं. पस्तिशीची, चाफेकळी नाक, तीळ नाही, चष्मा जिथे असायला हवा तिथे. दोन्ही भुवया सरळ. छान दिसत होती. मी खालून बघितलं, आणि मला वाटलं, चला, सुटले.

त्यानंतरचा एक रविवार. हे चहा घेऊन बसले. बऱ्याच दिवसांनी चेहरा जरा मोकळा होता. "ते रडणाऱ्या सुनेचं काढतो," म्हणाले, "पोह्यांचं. वाचू या." आणि मोबाईलवर लिहायला लागले. मी पोळ्यांची कणीक मळत होते. यांचा आवाज येईना. वळून बघितलं तर हे मोबाईल हातात धरून बसलेले, अंगठा थांबलेला.

"नेटवर्क नाही," हे म्हणाले आणि मोबाईल पालथा घातला.

नंतर मी बघितलं. रुचिरची सगळी चित्रं कंपनीने इमानदारीने काढून घेतली होती. एकही मागे ठेवलं नव्हतं. वरची दोन गेली, म्हणून तिसरं वर आलं होतं. आता 'फटकार मौसी' लिहिलं, आणि तीळ, भुवई, कपाळावरचा चष्मा असलेली बाई शोधली, तर ती फक्त त्या पानांवर होती. तिथून तिला कुणी काढलं नव्हतं, आणि काढणारही नव्हतं. जे ऐकणारे होते त्यांनी आमचं ऐकलं. न ऐकणाऱ्याकडे माझं तोंड राहून गेलं. तो अजून काढतच होता, आणि आता त्याच्याशी चढाओढ करायला कुणी उरलं नव्हतं.

मी भय्यासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मग ठराव मागे घेण्याचा ठराव करू या का?" मी फोन ठेवला. वयाने मोठे आहेत, काय बोलणार.

रुचिरला म्हटलं, परत लाव ती जुनी चित्रं. तो म्हणाला, "मावशी, तो चेहरा कंपनीचा आहे. त्यांना तो वापरायचा नाही, पण माझ्याकडे द्यायचाही नाही. मी तुझं चित्र काढून कुठे टाकलं तर मला नोटीस येईल." तेव्हा माझ्याने हसवलं नाही की फटकारवलं नाही.

दिवाळीत तो आला. केवढा वाळला होता. फराळाचं ताट तसंच ठेवून बसला. मी म्हटलं, "बाहेर नको टाकू. घरात काढून दे. एकच. यांच्यासाठी. मी चौकट करून या भिंतीवर लावते, मग बघू कुठली कंपनी येते."

त्याला ते आवडलं. कागद घेतला, पेन्सिल घेतली, पूर्वीसारखाच कोपऱ्यात बसला. मी मुद्दाम समोर खुर्ची घेऊन बसले. चष्मा कपाळावर चढवला. मग उगाचच टीव्ही लावला आणि त्यातल्या एका सुनेला झापायला लागले, म्हणजे भुवई वर जाईल. बऱ्याच महिन्यांनी माझा आवाज असा चढला होता. हे दारात येऊन उभे राहिले, जरासे हसलेही.

रुचिरची पेन्सिल चालत होती. थांबली. त्याने खोडलं, पुन्हा सुरू केलं. कागद बदलला. दुसऱ्या कागदावर तीळ काढला, भुवई काढली, आणि पेन्सिल खाली ठेवून दोन्ही हातांनी तो कागद झाकला.

"काय झालं रे? दाखव."

"नाही होत, मावशी."

"असं कसं नाही होत? डोळे मिटून काढायचास मला."

"ती पानं काढायला लावायची म्हणून मी रोज शोधून राहिलो होतो ना," तो म्हणाला. "रोज, सकाळ-संध्याकाळ. एकेक पान उघडून बघायला लागायचं. हजारो पाहिली असतील. आता तुझी भुवई काढायला घेतो ना, तर हात तिकडेच जातो. त्याच्यासारखीच निघते. मला दुसरी आठवतच नाहीये."

हे दारातून आत निघून गेले. मी टीव्ही बंद केला. रुचिरने कागद चुरगाळून मुठीत धरला होता आणि तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आल्यापासून, पाया पडताना, फराळ घेताना, आणि आत्ता समोर बसून माझं चित्र काढतानासुद्धा, या पोराने एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलेलं नाही.

"रुचिर," मी म्हटलं, "वर बघ. मी आहे रे, मावशी."

त्याने मान डोलावली, पण वर काही बघवलं नाही त्याला.